‘मुलीचं लग्न होऊ दे, मग बहिणीला सांगतो’

पुण्याहून एका भावाचं पत्र आलंय, नाव छापू नका म्हणालेत. चार पानी आहे, थोडक्यात सांगते. आई आधीच गेलेली, वडील २०१३ ला वारले, मागे दोघंच, हे आणि श्रीरामपूरला दिलेली धाकटी बहीण. गावाकडे एक एकर जमीन होती. २०१४ मध्ये यांनी बहिणीला रजिस्ट्रार ऑफिसला नेलं, ‘सातबाऱ्यावर वारसनोंद करायचीय, तुझी सही लागते’ म्हणून सांगितलं आणि सही घेतली ती हक्कसोडपत्रावर. तिने कागद वाचलाही नाही, ‘दादा तू म्हणतोयस ना, मग कुठं करू सांग’ म्हणाली. २०१७ ला जमीन २४ लाखाला विकली, ते पैसे पुण्याच्या फ्लॅटमध्ये गेले आणि बहिणीला सांगितलं की पप्पांचं कर्ज निघालं होतं, त्यात गेली सगळी.

आज हे भाऊ त्यांच्या मंडळीचे, म्हणजे चर्चचे, खजिनदार आहेत. लेंटमध्ये, म्हणजे ईस्टरआधीच्या उपवासकाळात, चाळीस दिवस मटण सोडतात, महिन्याच्या पहिल्या रविवारी चर्चमध्ये प्रभुभोजनाची भाकर आणि प्याला घेतात. बहीण दर उन्हाळ्यात कुरडया-पापडाचा आणि नाताळात करंज्यांचा डबा पाठवते, डब्यावर चिकटपट्टी लावून तिच्या अक्षरात ‘दादा’ लिहिलेलं असतं, आणि असे सहा डबे यांच्या माळ्यावर साठलेत, कारण रिकामा डबा परत पाठवायचा नसतो आणि त्यात भरून काय पाठवावं ते यांना सुचत नाही.

त्यांचा प्रश्न त्यांच्याच शब्दांत देते: “ताई, मला मनापासून पश्चात्ताप झालेला आहे, रोज प्रार्थनेत रडतो. पण मुलीचं लग्न डिसेंबरमध्ये आहे आणि फ्लॅटचं लोन अजून तीन वर्षं आहे. लोन फिटलं की बहिणीला सगळं सांगून तिचा वाटा देईन असं मी देवाला वचन दिलंय. देव सहनशील आहे, येशूशेजारी वधस्तंभावर खिळलेल्या चोरालासुद्धा शेवटच्या घटकेला क्षमा मिळाली. मग तरी मनाला ही घाई का लागून राहिलीय? हा सैतानाचा त्रास तर नाही ना?”

भाऊ, सलाम.

तुमचं पत्र मी तीनदा वाचलं आणि मधे दोन दिवस तसंच ठेवून दिलं, कारण पहिल्यांदा वाचल्यावर मला तुमचा राग आला होता आणि रागात उत्तर लिहायचं नव्हतं. आता राग नाहीये. पण गोड बोलूनही चालणार नाही, म्हणून सरळच लिहिते.

सैतानाचा त्रास नाही हा. सैतान माणसाला घाई कशाला लावेल, तो तर ‘आहे की वेळ’ असंच सांगेल ना. ही जी टोचणी आहे ती पवित्र आत्म्याची आहे आणि ती अजून लागते याबद्दल मी देवाचे आभार मानले. तुमच्या पत्रात तिसऱ्या पानावर एक ओळ आहे, तुम्ही ती सहज लिहून गेलात, की ‘पहिली दोन-तीन वर्षं प्रभुभोजनाचा प्याला घेताना हात थरथरायचा, आता तेवढं होत नाही.’ तुम्हाला त्यातून थोडा दिलासा वाटला असावा. मला ती ओळ वाचून भीती वाटली. तुमची बहीण शिवणकाम करते म्हणालात, तिची बोटं बघा कधी. नवीन असताना सुई टोचते, रक्त येतं, मग हळूहळू तिथं घट्टा पडतो आणि मग सुई टोचली तरी कळत नाही. बोटाला घट्टा पडला तर बरंच आहे, काम भरभर होतं, पण मनाला पडला की माणूस संपलाच. बायबलमधल्या इब्री लोकांस पत्रात तिसऱ्या अध्यायात म्हटलंय ना, ‘आज’ त्याची वाणी ऐकाल तर मनं कठीण करू नका, ते ‘आज’ तिथं उगाच आलेलं नाही, पुन्हा पुन्हा आलंय. ‘उद्या ऐका’ म्हणायची सोयच नाही, कारण उद्या ऐकणारा माणूस आजचा नसतो, आजच्यापेक्षा एका दिवसाने जास्त बहिरा असतो. सही घेतल्याला अकरा वर्षं होऊन गेली. महिन्याला एक धरलं तरी सव्वाशेच्या वर वेळा तुम्ही त्या प्रभुभोजनाच्या मेजावर गेलात आणि तसेच परत आलात.

आता ‘मला पश्चात्ताप झालेला आहे’ या तुमच्या वाक्याबद्दल. मला वाटतं आपला मराठी शब्दच थोडा घोटाळा करतो. पश्चात म्हणजे नंतर आणि ताप म्हणजे जळणं, म्हणजे करून झाल्यावर नंतर मनात जळत बसणं, आणि ते तर तुम्ही अकरा वर्षं करताच आहात, त्यात काही कमी नाही. पण जुन्या करारात संदेष्टे इस्राएलाला जो शब्द ओरडून सांगतात तो हिब्रू शब्द आहे शूव, त्याचा साधा अर्थ फिरणं, परत येणं. चुकीच्या रस्त्याला लागलेला माणूस जसा गर्रकन मागे फिरतो तसं. नव्या करारातला ग्रीक मेतानोइया पण तसाच, मन बदलणं, विचारांची दिशाच बदलणं. रडणं त्यात येतं, पण रडणं म्हणजे ते नव्हे. नगरच्या रस्त्याला लागून नाशिकला पोचायची वाट बघणारा माणूस कितीही रडला तरी गाडी नगरलाच जाणार.

आपल्याकडे केडगावच्या मुक्ती मिशनची गोष्ट अजून सांगतात, १९०५ चं संजीवन, म्हणजे तिथली मोठी आध्यात्मिक जागृती, पंडिता रमाबाईंच्या तिथल्या मुली कशा रडल्या, कशी पापकबुली केली. आपण त्यातलं रडणं लक्षात ठेवलं आणि तेच माप करून टाकलं, म्हणजे सभेत डोळ्याला पाणी आलं की झालं. पण त्या मुली एकाच आवारात राहायच्या हो, शेतात, विणकामाला, छापखान्यात एकमेकींच्या शेजारी काम करायच्या. देवासमोर कबूल केलेलं शेजारणीपासून लपवायला तिथं जागा कुठं होती. तुमच्याकडे मात्र पुणे ते श्रीरामपूर एवढी जागा आहे आणि त्या जागेतच सगळं लपलंय.

आता मला खरं जे सांगायचंय त्याकडे येते. नव्या करारात प्रेषितांच्या कृत्यांत २४ व्या अध्यायात फेलिक्स नावाचा रोमी सुभेदार आहे. येशूचा प्रेषित पौल कैसरियात त्याच्या कैदेत असतो. फेलिक्स त्याला बोलावून घेतो, ऐकतो, पौल नीतिमत्त्वाबद्दल, संयमाबद्दल आणि येणाऱ्या न्यायाबद्दल बोलायला लागतो तसा हा घाबरतो आणि म्हणतो, आता जा तू, सवड झाली की बोलावतो. यावर आपण दहा प्रवचनं ऐकलीत, की बघा बिचाऱ्याने संधी घालवली. पण पुढचं वाच म्हणावं. तो त्याला पुन्हा बोलावतो की! एकदा नाही, वारंवार बोलावतो, गप्पा मारतो. आत कुठंतरी पौल लाच देईल अशीही आशा असते. म्हणजे देवाचं वचन ऐकणं त्याने सोडलेलं नव्हतं, तुम्ही-आम्ही ऐकतो तसंच नेमाने ऐकत होता. अशी दोन वर्षं जातात, त्याच्या जागी दुसरा सुभेदार फेस्त येतो, आणि जाताना हा यहुद्यांची मर्जी राखायला पौलाला तसाच बंदीत ठेवून जातो.

ती दोन वर्षं कोणाची गेली भाऊ?

फेलिक्स त्याच्या वाड्यात होता, त्याची बायको द्रुसिल्ला शेजारी होती, जेवणखाण व्यवस्थित होतं. ‘सवड झाली की’ म्हणाला तो, आणि त्याच्या सवडीचं भाडं पौलाने कोठडीत बसून भरलं. हे मला किती वर्षं दिसलंच नव्हतं. आपण म्हणतो देवाने मला वेळ दिलाय, मी देवाकडे मुदत मागितलीय. पण ती मुदत आपण ज्याचं नुकसान केलंय त्याच्या खिशातून जाते, देवाच्या नाही.

तुमच्या पत्रातच शेवटच्या पानावर आहे, ‘भाचा बारावीला ७८ टक्के होता, इंजिनिअरिंगला जायचं म्हणत होता पण फी झेपली नाही म्हणून गॅरेजमध्ये लागला, आता तिथंच आहे.’ एवढंच लिहून तुम्ही पुढे लोनच्या हप्त्यावर गेलात. मी मात्र तिथंच थांबले. तो बारावी झाला त्या वर्षी त्याच्या आईच्या हक्काचे पैसे तुमच्या फ्लॅटच्या भिंतीत होते. ते वर्ष त्याचं होतं, ते तुम्ही ‘नंतर सांगू’ मध्ये खर्च केलंत. हे तुम्हाला रडवायला लिहीत नाहीये, रडून झालंय तुमचं. तीन वर्षं अजून मागताय ना, तर ती कोणाकडे मागताय हे दिसावं म्हणून लिहितेय.

मला हे कसं कळलं तेही सांगते, म्हणजे ही बाई उंचावर बसून बोलते असं वाटायला नको. मी शाळेत शिक्षिका होते. नव्वदच्या आसपासची गोष्ट, सहलीचे गोळा केलेले ३४० रुपये पाकिटातून गेले आणि वर्गात माझ्याशिवाय फक्त झाडू मारणाऱ्या मावशी आल्या होत्या. मी तसं बोलले. चोरी केली असा शब्द वापरला नाही, ‘मावशीच आल्या होत्या फक्त’ एवढंच म्हणाले, पण तेवढं पुरलं, त्यांना कामावरून काढलं. चार महिन्यांनी मी जुनं हजेरीपत्रक आवरायला घेतलं, त्याला ब्राऊन पेपरचं कव्हर होतं, आणि त्या कव्हरच्या आत ते पाकीट सरकलेलं. माझ्याच हाताने सरकलेलं. बोटाला ते जाड लागलं तेव्हाच मला कळलं आत काय आहे, उघडायच्या आधी. मी उभी होते ती खाली बसले.

त्या दिवशी सांगायला हवं होतं. मी ठरवलं, सुट्टी संपली की सांगू. मग वाटलं हेडबाई बदलतायत, नवीन आल्या की सांगू. मग माझं प्रमोशन आलं. रोज प्रार्थना करत होते हं, रडतही होते अगदी तुमच्यासारखी. अशी सहा वर्षं. सहा वर्षांनी लेंटमध्येच एकदा आमच्या पाळकांनी काहीतरी वाचलं, काय ते आता आठवतही नाही, आणि मी उपासना संपल्यावर घरी न जाता तशीच मावशींच्या वस्तीत गेले. पत्ता विचारत विचारत पोचले. मावशी दारातच बसल्या होत्या. मी सगळं बोलले, पाकीट कव्हरमध्ये होतं, मी सांगितलं नाही, मला क्षमा करा. त्या माझ्याकडे बघून छान हसल्या आणि म्हणाल्या, ‘बाई, च्या घेणार?’ त्यांना विसरायचा आजार झाला होता. मी कोण, शाळा कुठली, काही आठवत नव्हतं.

मला एक क्षण, खरं सांगते, सुटल्यासारखं वाटलं, की चला, त्यांच्या मनात आता काही नाही. तेवढ्यात त्यांची मुलगी आतून आली. तिने सगळं ऐकलं होतं. म्हणाली, ‘बाई, आईचं काम गेलं तेव्हा मी सातवीत होते. माझी शाळा त्याच वर्षी सुटली.’ भांडली नाही, ओरडली नाही, चहाचा कप माझ्या हातात दिला आणि आत गेली. मी तिच्या मुलाची फी पुढे बरीच वर्षं भरली. पण तिची सातवी मला कुठून आणून देता येणार होती. पहिल्या चार महिन्यांचं मला माहीतच नव्हतं, ते सोडून द्या. त्यानंतरचे सगळे दिवस मला माहीत होतं, आणि पाकीट सापडलं त्या आठवड्यात मी बोलले असते तर ती मुलगी अजून शाळेत परत जाऊ शकली असती. ही माझ्या दिरंगाईची किंमत, आणि ती मी भरलेली नाही.

म्हणून कोणी स्टेजवरून ‘आज रात्री तुझा जीव गेला तर’ असं ओरडून पश्चात्तापाची घाई लावतात ना, ते खरंच आहे, प्रभूनेच त्या कोठारवाल्या श्रीमंताची गोष्ट सांगितलीय, जो धान्य साठवून निवांत व्हायला निघाला आणि त्याच रात्री त्याचा जीव मागितला गेला, पण त्या भीतीने माणूस रविवारी हलतो आणि सोमवारी सकाळी जिवंत उठला की विसरतो. तुमचा जीव आज रात्री जाईल असं मी म्हणत नाही, तुम्ही ऐंशी वर्षं जगा. तरीही घाई आहेच, कारण तिकडे श्रीरामपूरला एक आयुष्य रोज थोडं थोडं खर्च होतंय.

वधस्तंभावरच्या चोराचं म्हणता, तर भाऊ, त्याला येशू भेटला तोच शेवटच्या दिवशी, निदान शास्त्रात तरी आपल्याला त्याआधीची भेट दिसत नाही. आणि भेटल्यावर त्याने किती वेळ घेतला? काही तासांतच बोलून मोकळा झाला. हातपाय खिळलेले होते म्हणून त्याला कोणाचं काही परत देता आलं नाही. तुमचे हात मोकळे आहेत. देव सहनशील आहे हे पेत्राच्या दुसऱ्या पत्रात आहेच, पण तिथंच पुढे कारणही दिलंय, की सगळ्यांनी पश्चात्तापापर्यंत यावं म्हणून. आणि तुम्ही जी लूकातली अंजिराच्या झाडाची गोष्ट ओझरती लिहिलीय, ‘आणखी एक वर्ष राहू द्या’ वाली, ती नीट वाचा, माळी नुसतं वर्ष मागत नाही, मी भोवती खणतो, खत घालतो म्हणतो. म्हणजे मुदत मागितली त्याच दिवसापासून कुदळ हातात. तुमच्या तीन वर्षांत कुदळ कुठं आहे मला दिसली नाही.

मुलीच्या लग्नाचं मात्र मी मनावर घेतलं, कारण तिथं तुमची खरी भीती आहे. व्याह्यांना कळलं तर, मंडळीत बोभाटा झाला तर, खजिनदारकी गेली तर. समजतं मला. पण जरा पुढचं डोळ्यासमोर आणा. डिसेंबरमध्ये लग्न आहे, आत्या आहे ती, चार दिवस आधी येईल, शेव-चकली तळायला बसेल, पोरीच्या ब्लाऊजचं कामही तीच करेल, शिवणकाम येतं म्हटल्यावर तुम्ही देणारच तिला. मशीन चालवून जमवलेल्या पैशातून आहेर आणेल. हे सगळं तिच्याकडून करून घ्यायचं आणि मग तीन वर्षांनी सांगायचं? त्या दिवशी तिला जमिनीचं वाईट वाटेलच, पण त्याहून जास्त याचं वाटेल की दादाला हे सगळं माहीत होतं आणि तरी त्याने माझ्या हातचा आहेर घेतला. लग्नाआधी सांगितलंत तर ती कदाचित लग्नाला येणार नाही. तो तिचा निर्णय असेल, आणि तो घ्यायचा तिला हक्क आहे. सध्या तुम्ही तोही तिच्याकडून काढून घेतलाय, जसा २०१४ ला तिने न वाचलेल्या कागदावर सही घेऊन जमिनीवरचा हक्क काढून घेतलात तसाच.

पैशाचं बोलू. इथं गोलमाल बोलून चालत नाही. आपल्या ख्रिस्ती लोकांना १९२५ चा भारतीय वारसा कायदा लागतो, आणि मृत्युपत्र नसेल, आई आधीच गेलेली असेल तर मुलांना सारखा वाटा, मुलगा-मुलगी भेद नाही. म्हणजे २४ लाखातले १२ लाख तिचेच होते, तुम्ही तिला ‘मदत’ करणार नाही आहात, हा शब्द तुमच्या पत्रात दोनदा आलाय तो काढून टाका. जुन्या करारात लेवीय पुस्तकाच्या ६ व्या अध्यायात फसवून घेतलेल्या वस्तूचा नियम आहे, मूळ रक्कम पूर्ण द्यायची, वर पाचवा हिस्सा घालायचा, आणि केव्हा? दोषार्पण, म्हणजे अपराधाबद्दलचं अर्पण, वेदीकडे आणायचं त्याच दिवशी. वेदीकडे जायचं आणि धन्याचं परत करायचं हे एकाच दिवसाचं काम. बारा लाखावर पाचवा हिस्सा दोन लाख चाळीस हजार, झाले चौदा लाख चाळीस हजार. जमीन आज असती तर किमतीला कुठं गेली असती ते वेगळंच, ते बहिणीसमोर बसून बोला, आकडा तुम्ही ठरवून नेऊ नका.

एवढे पैसे आज नाहीत हे मला मान्य आहे. हप्त्याहप्त्याने द्या, पण स्टॅम्पपेपरवर लिहून द्या, वकील करा, आणि वकील असा बघा जो तिच्या बाजूनेही कागद तपासेल. फ्लॅटमध्ये तिचं नाव लागू शकतं का तेही त्यालाच विचारा. जक्कयाची गोष्ट आठवा, येशूला बघायला झाडावर चढलेला तो श्रीमंत जकातदार, प्रभू झाडाखाली थांबून म्हणतो लवकर खाली ये, आज मला तुझ्या घरी उतरायचंय. आणि शेवटी म्हणतो, आज या घराला तारण झालंय. एका ‘आज’ पासून दुसऱ्या ‘आज’ पर्यंत जक्कय काय करतो? उभा राहून हिशोब सांगतो. अर्धं गरिबांना, ज्याचं फसवून घेतलं त्याला चौपट. सगळे पैसे त्या संध्याकाळी वाटून झाले असतील असं नाही, पण तोंडातून आकडा बाहेर पडला होता आणि चारचौघांनी ऐकला होता, आता माघार नव्हती. तुम्हाला पैसे द्यायला तीन वर्षं लागली तर लागू देत. बोलायला तीन वर्षं लागत नाहीत.

तर या शनिवारी जा. पुढच्या नाही.

आधी शुक्रवारी रात्री वहिनींना सगळं सांगा, अर्धं माहीत आहे म्हणालात, उरलेलं अर्धं त्यांना श्रीरामपूरहून फोनवर कळू नये. पाळकसाहेबांना आल्यावर सांगा, आधी नको. याला कारण आहे. पाळकांना सांगितलं की ते प्रार्थना करतील, खांद्यावर हात ठेवतील, तुम्हाला हलकं वाटेल आणि त्या हलकेपणात पुन्हा सहा महिने जातील. मला पत्र लिहूनही तुम्हाला थोडं हलकं वाटलं असेल, तेही मला नकोच होतं खरं तर. ते ओझं बहिणीच्या दारापर्यंत घेऊन जायचंय, वाटेत कुठं उतरवू नका. परत आल्यावर मात्र पाळकांना भेटा, खजिनदारकीचं काय करायचं ते त्यांच्यावर सोडा, आणि त्यांनी थांबा म्हटलं तर निमूट थांबा.

तिथं गेल्यावर मेहुणे घरात असतील अशी वेळ बघा, भाचाही असला तर बरं, त्याचंही घेणं आहे तुमच्याकडे. चहा-पाणी व्हायच्या आधी बोला, तिच्या घरचं खाऊन मग सांगू नका. लांबण लावू नका, ‘परिस्थिती तशी होती’ वगैरे काही नको. २०१४ ला ज्या कागदावर तुझी सही घेतली तो हक्कसोडपत्राचा होता, मी तुला खोटं सांगितलं, पप्पांचं काही कर्ज नव्हतं, जमीन मी विकली, पैसे माझ्याकडे आहेत, ते तुझे आहेत, एवढीच वाक्यं आहेत. हक्कसोडपत्राची आणि खरेदीखताची झेरॉक्स तिच्या हातात द्या, म्हणजे या वेळी तरी ती वाचेल. आणि भाऊ, एक विनंती आहे, तिथं रडू नका. तुम्ही रडलात की ती स्वतःचं सोडून तुम्हाला सावरायला लागेल, अशीच आहे ती, डब्यांवरूनच कळतंय मला. तिला त्या दिवशी राग यायला जागा द्या. क्षमा मागा, पण ती आत्ताच दे असं डोळ्यांनीसुद्धा मागू नका. देव तुम्हाला क्षमा करतो ती ख्रिस्ताच्या रक्तामुळे, तिने हो म्हटल्यामुळे नाही, म्हणून तिला वेळ लागला तर लागू द्या. हा वेळ मागायचा हक्क तिचा आहे.

दार लावून घेतलं तिने तर पायरीवर थोडा वेळ बसा आणि मग परत या, आणि पुढच्या महिन्यात ठरलेला हप्ता पाठवा.

पुढचा पहिला रविवार येईल तेव्हा मेजाकडे जायचं की नाही असं तुम्ही विचारलंय. मत्तयाच्या पाचव्या अध्यायात प्रभू वेदीपाशी पोचलेल्या माणसालाच सांगतो, की भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे हे आठवलं तर दान तिथंच ठेव आणि आधी जा. मधेच उठून जायला सांगतो, सगळे बघत असताना. तुमच्या बहिणीच्या मनात तर तुमच्याविरुद्ध काहीच नाही, तिला माहीतच नाही, आणि हे जास्त वाईट आहे. शनिवारी जाऊन आलात तर रविवारी मेजावर जा, हात थरथरला तरी जा.

आणि माळ्यावरचे ते सहा डबे काढा, घासा आणि घेऊन जा. मला माहितीय आपल्यात डबा रिकामा परत करत नाहीत. पण त्यात घालायला तुम्ही अकरा वर्षं काहीतरी शोधताय आणि तेवढ्यासाठी तिचे डबे अडकून पडलेत. रिकामे न्या.